एलटीव्ही दाखवला तरी शाळेचे दार बंदच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना सर्व सोयी मिळत आहेत’ हे एका अधिकाऱ्यांचे म्हणणे तुम्ही काल फोटोसकट छापले. ते वाचल्यापासून मनस्ताप होतो आहे. तुमच्या बातमीदाराने त्या फोटोतल्या एका बाईला एवढेच विचारायला हवे होते, की ताई, तुमची मुले कुठल्या शाळेत जातात? मग तो मथळा देण्याचे धाडस झाले नसते.

मी उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये राहते. उभी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. आमच्या मागच्या बाजूला सिंधमधून आलेली काही हिंदू कुटुंबे भाड्याने राहतात, घोटकी, सक्कर भागातली. त्यांच्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते. तिचे नाव देत नाही, कारण पुढे येईल.

मुलगी बारा वर्षांची, तिकडे पाचवी पास झालेली. आईबापांकडे एलटीव्ही होता, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पोलिसांकडची नोंद होती, भाडेकरार होता. हे सगळे घेऊन जूनमध्ये ती माणसे घराजवळच्या शाळेत गेली, मीही सोबत होते. पहिला प्रश्न, आधार कुठे? आधार अजून आलेला नव्हता. मग शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो होता, पण सिंधीत, अरबी लिपीत लिहिलेला. कारकुनाने तो परत सरकवला. मराठी किंवा इंग्रजीत करून आणा आणि वर त्यांच्या दूतावासाचा शिक्का आणा म्हणाला. या गावात ते अक्षर वाचणारी वडीलधारी माणसे घराघरात आहेत. शाळेसमोरच्या दुकानातले काका आत येऊन वाचून दाखवायला तयार होते, त्यांना कोणी येऊ दिले नाही. आणि शिक्का कोणाचा, तर जिथून ही माणसे घरदार टाकून निघाली त्याच देशाच्या दिल्लीतल्या उच्चायोगाचा! तिथे या मुलीच्या बापाने कोणत्या तोंडाने जावे, हे त्या कारकुनाने सांगावे.

मुख्याध्यापिका बाई सौजन्याने बोलल्या, ते नाकारत नाही. पण उत्तर तेच, ‘पोर्टल घेत नाही हो.’ खरे कारण शिक्षक म्हणून मला माहीत आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे द्यायची ते ठरवणे, आधार जुळलेल्या पटावर होऊ लागल्यापासून आधार नसलेले मूल शाळेला नकोसे झाले आहे. मूल बाकावर बसते, पण शिक्षकांच्या पदासाठी मोजले जात नाही. त्याचा राग शाळांनी सरकारवर काढावा, बारा वर्षांच्या पोरीवर काढू नये.

शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. कलम १४ सांगते, की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. शाळेत न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडला असेल तर वेगळे शिकवायचे, हे कलम ४ मध्ये आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकासाठी हा कायदा आहे, नागरिकत्वाची अट त्यात कुठेच नाही. एलटीव्हीवर राहणाऱ्यांच्या मुलांना शाळा-कॉलेजात घ्यायला राज्य सरकारची वेगळी परवानगी लागत नाही, हेही केंद्राने कधीच सांगून टाकले आहे. अगदी रोहिंग्या मुलांच्या प्रकरणातही, शिक्षणात कोणत्याही मुलाशी भेदभाव होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये म्हटले. कोणाचे मूल, कुठल्या धर्माचे, हा प्रश्न शाळेने विचारायचाच नाही, असे माझे स्वतःचेही मत आहे. हे सगळे मी त्या कारकुनाला सांगितले. ‘आम्हाला तसे पत्र नाही,’ एवढेच तो म्हणाला.

मुलीचे ते वर्ष गेले. धाकट्या भावाला सांभाळत ती घरी जीन्सचे धागे कापत बसली. आमच्याकडे घरोघरी हे काम येते, बोटे निळी होतात. पाचवीत चांगले गणित करणारी मुलगी होती ती.

शाळेचे जे झाले तेच बँकेत. पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट पाहिला की खिडकीवरचा माणूस मान हलवतो. बँक खाते, पॅन, आधार, गाडी चालवण्याचा परवाना, स्वतःपुरते छोटे घर, स्वतःचा धंदा, ही सगळी मुभा केंद्राने २०१६मध्येच दिली आहे. त्या खिडकीवर कोणाला ते ठाऊक नाही. शिवाय अशांच्या आधारची मुदत व्हिसाच्या मुदतीपुरती. व्हिसा वाढवण्याचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला की आधारही अडकले आणि त्यावर चालणारे सगळेच अडकले.

काही दिवस कळ काढा, नागरिकत्व मिळेलच, असे लोक त्यांना सांगतात. सुधारित नागरिकत्व कायद्याचे (सीएए) नियम मार्च २०२४मध्ये आले खरे, पण त्यात ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांनाच जागा आहे. ही कुटुंबे नंतरची. त्यांना नेहमीच्या वाटेने जायचे तर कोणाला सात वर्षे, कोणाला बारा. बारा लागली तर आज पहिलीत घालायचे मूल तोवर दहावी ओलांडेल. रेशन नाही, घरकुल नाही, हे त्यांना मान्य आहे, ते कोणी मागतही नाही. जे नियमाने आज मिळायला हवे तेवढेच मागतात.

आमचे अख्खे शहर निर्वासितांनी वसवलेले. ८ ऑगस्ट १९४९ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी याला उल्हासनगर नाव दिले, त्याआधी हा कल्याणचा लष्करी कॅम्प होता. कॅम्पमध्येच कचेरी, कॅम्पमध्येच रेशन, कॅम्पमध्येच शाळा, असे जुनी माणसे सांगतात. तेव्हा देशाकडे काय होते? तरी लाखभर माणसांची सोय लावली. आज मूठभर कुटुंबांसाठी प्रभाग समितीच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस, एलटीव्हीचा कागद ओळखणारा एक माणूस बसवता येत नाही? शिक्षण विभागाने शाळांना आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने बँकांच्या शाखांना एकेक लेखी पत्र काढावे, म्हणजे ‘पत्र नाही’ म्हणायची सोय उरणार नाही. अर्ज भरून द्यायला आम्ही निवृत्त शिक्षक विनामोबदला बसू, फक्त एक टेबल द्या.

आता तुमच्याविषयी. फोटोत बायकांचे चेहरे स्पष्ट आहेत, वर ओळीत चाळीचे नाव. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू कुटुंबांचे एलटीव्ही कायम आहेत असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट सांगितले होते. तरीही याच चाळीतल्या एका कुटुंबाला घरमालक जागा खाली करा म्हणून बसला होता. पोरांनी बाहेर खेळणे सोडले होते. या लोकांची मागे राहिलेली माणसे अजून सिंधमध्ये आहेत, हा फोटो तिकडेही पोचतो. फोटो काढताना त्या बायकांना विचारले होते का? मी काल संध्याकाळी जाऊन विचारले. छापणार आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

छापील अंकाचे आता काही करता येणार नाही. तुमच्या संकेतस्थळावरचा फोटो आणि चाळीचे नाव मात्र आजच काढा. हे पत्र जागेअभावी छापले नाही तरी चालेल.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
उल्हासनगर-४