आधी अण्णांना बोलतं करू दे

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लेकीला रेडिओ पत्रकार व्हायचंय आणि यात पोट भरतं का, असं विचारलंयस. भरतं, पण बेताचं. सुरुवातीला नैमित्तिक म्हणून काम करावं लागतं, महिन्याचे दिवस ठरलेले नसतात आणि नाव घरोघरी होत नाही. एवढं ऐकूनही तिची इच्छा टिकली तर या पत्राचा पुढचा भाग तिला वाचायला दे.

आमच्या आकाशवाणी भवनापासून मंत्रालय हाकेच्या अंतरावर. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा, अधिवेशनं, अर्थसंकल्प हे सगळं मी मन लावून केलं. आज मात्र आठवतात ती दुसरीच माणसं.

हवामानाची बातमी कशी द्यायची हे मला वरळी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने शिकवलं. ‘समुद्र खवळलेला राहील’ एवढ्याने त्याचं भागत नव्हतं. म्हणाला, “खवळलेला मला दिसतो, बाय. वारा कुठनं येनार आनि कधी, ते सांग.” किनारा मागे पडला की त्याच्या हाताशी उरायचा फक्त ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून जास्त लांब जातात, त्यामुळे खोल समुद्रातही आमचा आवाज पोचायचा. त्या दिवसापासून वाऱ्याची दिशा, वेग आणि वेळ असल्याशिवाय मी वादळाच्या बातमीचा कागद हातावेगळा केला नाही.

आणि लालबागची ती खाणावळवाली! १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, हे आपण तोंडपाठ म्हणतो. त्यातले कितीतरी गडी तिच्यासारख्या बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. मी गेले तेव्हा संपाला बरीच वर्षं उलटली होती. तिने ट्रंकेतून उधारीची वही काढली आणि एकेक नाव वाचत गेली. कोण गावी गेला, कोण परत येऊन पैसे चुकते करून गेला, कोण वारला. “जेवायला बसलेल्याला उठ कसं म्हनायचं?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते अशाच बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ते मी निवेदनात एका वाक्यात सांगितलं. बाकी वेळ तिची वही आणि भाकरीचा आवाज. स्पूलवर खडूने खूण करून ब्लेडने टेप कापायचे ते दिवस. त्या थापण्यावर मी ब्लेड लावू दिलं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, कित्येक भागांत वीज नाही, फोन लागत नाहीत. अशा रात्री सेलवर चालणारा रेडिओ काय असतो, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. कुठला रस्ता पाण्याखाली आहे, गाड्या कुठवर आल्या आहेत, एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचं, आणि खात्री केल्याशिवाय एक अक्षरही नाही. माझ्या लेखी पत्रकारिता ती हीच.

खंत एकच आहे. टेप महाग असायची, म्हणून बरंचसं ध्वनिमुद्रण पुसून टेप पुन्हा वापरायची, असा रिवाज रेडिओत सगळीकडेच होता. त्या खाणावळवालीचा आवाज आता कुठेही नाही.

म्हणून सांगते, तुझ्या लेकीला कोर्सचा फॉर्म भरण्याआधी अण्णांसमोर बसव. त्यांनी गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अख्खं आयुष्य काढलं. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून बोलणं चालायचं. त्या खुणा ठाऊक असलेली माणसं आता किती उरलीत? पंखा बंद करायचा, मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ ठेवायचा. ‘संपाबद्दल काय वाटतं’ असं विचारायचं नाही. पहिल्या पाळीला किती वाजता उठायचात, डब्यात काय असायचं, जॉबर (कामगारांवरचा मुकादम) कसा होता, इथून सुरुवात करायची. ते थांबले तर तिनेही थांबायचं, मध्ये बोलायचं नाही.

रेकॉर्डिंग जसंच्या तसं मला पाठवायला सांग, कापाकापी न करता. मी हेडफोन लावून पूर्ण ऐकेन आणि तिला फोन करेन. अण्णांना माझा नमस्कार सांग.

तुझीच मैत्रीण