उद्यमनगरातील काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही सजवून दिलेल्या व्हॅनमध्ये मी राहू लागल्यापासून वाटेत भेटणारी माणसे हे काम कोणी केले, असे हमखास विचारतात. तुमचे नाव कोठे छापायचे नाही, ही तुमची अट मी पाळतो आहे. मात्र कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजचे माझ्यावर ऋण आहे, हे चारचौघांत सांगू नये, अशी अट तुम्ही घातली नव्हती.

उंच केलेले छत, फ्रिज, सिंक, वाढीव खिडकी अशी यादी घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो. दुसऱ्या कोणी ती पाहून आनंदाने खर्चाचा आकडा सांगितला असता; तुम्ही आधी गाडीचे आरसी बुक मागितले. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला मनाने करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे, हे मला तुमच्याकडूनच कळले. त्यामुळे छताला हात न लावता, एकही सीट न काढता, मागची सीट दुमडल्यावर तिच्यावरून पुढे सरकणाऱ्या फळ्यांचा पलंग तुम्ही नट-बोल्टवर उभा केला, जो पान्याने सोडवून तासाभरात बाहेर काढता येतो.

विजेचा हिशेब तर तुम्ही गॅरेजच्या पत्र्यावर खडूनेच मांडला होता. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-तास; पण ती वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर निकामी होते, म्हणून ६०० च हाती धरायचे. तेवढ्यात दिवा, पंखा, मोबाइल आणि माझ्या कामाचा लॅपटॉप भागतो, फ्रिज भागत नाही. तो नसल्यामुळे मी रोज गावच्या बाजारात जातो, ताजी भाजी घेतो आणि मुक्कामाला कोठे जागा मिळेल, याची चौकशीही तेथेच करतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, म्हणून शेगडी आत लावण्यास तुम्ही साफ नकार दिलात. उचललेल्या मागच्या दाराखाली स्वयंपाक करताना तो नकार मला रोज पटतो.

स्वस्ताई या नकारांतूनच आली. गाडीत बसवलेले काहीच महाग नसल्यामुळे फेडायला कर्ज नाही, घरभाडे आणि डिपॉझिट तर नाहीच. खर्च उरतो तो पेट्रोलचा, जेवणाचा आणि टायरचा. उन्हाळ्यात पत्रा तापला की मी आंबोली किंवा महाबळेश्वर गाठतो, पाऊस लागला की कमी पावसाच्या माणदेशाकडे सरकतो आणि दिवाळीनंतर कोकणात उतरतो. मेंढरे घेऊन खाली उतरणारे धनगर ही वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तेव्हा यात माझी हुशारी काही नाही.

तुम्ही सामानाचे पैसे घेतलेत, मजुरीचा विषय मात्र प्रत्येक वेळी चहावर ढकललात. मागच्या दाराचे रबर आता कडक झाले आहे, ते बदलून घेण्यासाठी मृगापूर्वी येईन. या वेळी दोन्ही कामांची मजुरी घेतल्याशिवाय मी गाडी तुमच्या दारातून हलवणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला ऋणी,
व्हॅनवाला