बिचारा बेसिल? आणि सिबिल?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘फॉल्टी टॉवर्स’वरचा लेख वाचला. हॉटेलमालक बेसिल आणि त्याची बायको सिबिल यांची ती जुनी ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिका. खुसखुशीत आहे, नाही म्हणत नाही. पण अख्खे पान बेसिल झालेल्या जॉन क्लीझच्या कौतुकाला आणि कॉनी बूथ मात्र ‘पॉलीचे काम करणारी नटी’ एवढ्यावर उरकली? अहो, बाराही भाग त्या दोघांनी मिळून लिहिलेत. १९७५ साली पहिले सहा आले तेव्हा ती नवराबायको होती. १९७९ मध्ये उरलेले सहा आले तोवर घटस्फोट झाला होता, तरी लेखक म्हणून नावे दोघांचीच झळकतात. आपल्या लेखकमहाशयांना तेवढे एक नाव जड झाले.

पुढे तर कहरच. ‘बायकोच्या जाचाने पिचलेला बिचारा बेसिल’! टॉर्कीच्या त्या हॉटेलात हिशेब कोण बघते? भडकलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलून वेळ कोण मारून नेते? बेसिलमहाशय भिंतीवर मूस नावाच्या हरणाचे मुंडके टांगायचे तर दवाखान्यातून बायकोचे फोनवर फोन येईपर्यंत थांबतात. गवंड्याचा भाग आठवा. सिबिलला स्टब्सकडून नीट काम करून घ्यायचे होते. ह्यांनी स्वस्तातला ओरायली धरला आणि त्याच्या माणसांनी जेवणघराचे दारच बुजवून टाकले! ते निस्तरून झाल्यावर कळते की भार पेलणाऱ्या भिंतीत लिंटेल, म्हणजे वरची आडवी तुळई, घातलेय लाकडाचे. सिबिलने ओरायलीला छत्रीने बडवले ते काय हौस म्हणून?

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते, तर आम्हीही दोघे मालवणात लॉज चालवतो. पाटीवर नाव ह्यांचे. आपला लेख ह्यांनी कात्रीने नीट कापून काउंटरमागे किल्ल्यांच्या फळीशेजारी डकवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावतात. स्वतःला बेसिल समजतात की काय, देव जाणे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एक कुटुंब तीन दिवस राहिले. जादा गादीचे पैसे द्यायला नको, म्हणे मुलगा लहान आहे. मुलगा मिसरूड फुटलेला, दोन वेळा सुरमईची थाळी चापणारा! मी हसतमुखाने नाही म्हटले, बिल पुढे केले. गृहस्थ काही न बोलता बाहेर गेले आणि फाटकाशी ह्यांना गाठले. ह्यांनी उभ्या उभ्या सहाशे रुपये सोडले, वर पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘‘आमची बाई जरा कडक आहे हो.’’ अभिप्रायाच्या वहीत शेरा आला: ‘मालक दिलदार. मालकीणबाईंनी थोडे हसावे.’ चादरी धुवायला कोण टाकते, पाण्याचा टँकर कोण सांगते, बाजारात पापलेट महागले म्हणून थाळीचा भाव कोण बदलते, हे वहीत कोण लिहिणार? दिलदारपणा मात्र माझ्या गल्ल्यातून.

सिबिल झालेल्या प्रुनेला स्केल्स २०२५ च्या ऑक्टोबरात गेल्या. नवरा टिमथी वेस्ट, तोही नट. म्हातारपणी दोघांनी मिळून कालव्यांतून बोटीने फिरण्याचा कार्यक्रम टीव्हीवर केला, तोही लोकांनी आवडीने पाहिला. त्याबद्दल लेखात एक ओळ असती तर बरे वाटले असते, पण जागा नसेल. बेसिलने झाडाची फांदी घेऊन मोटारीला झोडपले त्या प्रसंगाचे छायाचित्र केवढे मोठे छापलेत!

आणि जागेचाच विषय निघाला आहे म्हणून सांगते. शब्दकोड्याचे उत्तर ‘उद्याच्या अंकात’ म्हणता आणि उद्या तिथे प्लॉटची जाहिरात असते. गेल्या आठवड्यातले उभे सात अजून अडले आहे. ते तरी छापा.

आपली,
एक वाचक, मालवण