बांकुऱ्याचं मत आणि आपली पऱ्हाटी

चि. छकुलीस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

२६ एप्रिल २०२४ ला आपल्या यवतमाळ-वाशिमचं मतदान होतं. तू पुण्याहून फोनवर म्हणालीस, "बाबा, एका मतानं काय होते? एवढं भाडं लावून कायले येऊ?" तुझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण ते वाक्य तेव्हापासून मनात अडकून आहे. आता उलंगवाडी झाली, कापूस वेचून संपला, वावरात काम नाही, म्हणून सावकाश लिहायला बसलो.

तुला २०१२ आठवणार नाही, तू शाळेत होतीस. त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीहून खासदारांची एक समिती आपल्या जिल्ह्यात आली. संसदेची कृषी स्थायी समिती. भांबराजासारख्या गावात जाऊन त्यांनी कापूसवाल्यांना जनुक बदललेल्या बीटी बियाण्याबद्दल, खर्चाबद्दल, आत्महत्यांबद्दल विचारलं. मी गेलो नाही. घरी कापसाच्या हिशेबाचं काम काढून बसलो होतो, त्याची हळहळ आजही वाटते. जी माणसं गेली त्यांनी सांगितलं की मोठे लोक येतात आणि भाषण करून जातात, हे लोक मात्र ऐकून घेत होते.

त्या समितीचे अध्यक्ष होते बासुदेव आचार्य, पश्चिम बंगालमधल्या बांकुऱ्याचे खासदार. त्यांचा पक्ष विरोधात होता आणि समितीत सत्ताधारी पक्षाचेही खासदार होते. तरी ऑगस्टमध्ये अहवाल आला तो एकमताने. कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च बीटीनं वाढवला, विदर्भातल्या शेतकऱ्याची हालत सुधारली नाही, आणि नीट यंत्रणा उभी राहीपर्यंत जनुक बदललेल्या पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा, असं त्यात लिहिलं होतं.

आता विचार कर. बांकुरा म्हणजे धानाचा मुलूख. तिथल्या कोण्या धानवाल्यानं २००९ साली उन्हात रांगेत उभं राहून मत दिलं, तेव्हा त्याला यवतमाळचं नावही ठाऊक नसेल. पण त्याच्या मतानं जो माणूस दिल्लीला गेला, तोच पुढं आपल्या कापसाच्या पऱ्हाटीची चौकशी करायला आपल्या गावांपर्यंत आला. मत आपल्या गावाच्या शिवेवर थांबत नाही, ते कोणाच्या धुऱ्यापर्यंत जाईल हे देणाऱ्यालाही कळत नाही.

टीव्हीवर आपण जी लोकसभा पाहतो ती अर्धीच. ५४३ जागा, २७२ चा आकडा, कोणाचं सरकार बसलं, हे सगळ्यांना कळतं. पण मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या अशा २४ स्थायी समित्या आहेत. एकेका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला तिथं जागा नाही. ज्या पक्षाचे जितके खासदार निवडून आले, त्या प्रमाणात त्याला समितीत जागा मिळतात. म्हणजे आपण मतपेटीत टाकलेलं मत सरकार बनलं की संपत नाही. त्या मेजाभोवती कोण बसेल, हेही तेच ठरवतं. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधी पक्षाकडं देण्याची रीत आहे. म्हणून हरलेल्या पक्षाला दिलेलं मत वाया गेलं असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही.

बंद खोलीत बसून काय होते, असं तू विचारशील. मी ग्रामपंचायतीच्या पाणी समितीवर तीन वर्षं होतो, त्यावरून सांगतो. ग्रामसभेत पाण्यावरून दोन तास आरडाओरड झाली. दोन्ही पॅनलची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली आणि हाती काही लागलं नाही. चार दिवसांनी समितीचे आम्ही सात जण शाळेच्या खोलीत बसलो, त्यातही दोन्ही पॅनलचे होते. पुढ्यात पाइपाच्या कामाचं बिल ठेवलं, मग टेप घेऊन चारीपाशी गेलो आणि पाइप मोजला. बिलात लिहिला होता त्याहून तो बारीक निघाला. तेव्हा कोणी कोणाचं पॅनल काढलं नाही, सगळ्यांनी मिळून बिल परत पाठवलं. बघायला गाव नव्हता, म्हणून कोणाला जोर दाखवायचा नव्हता.

संसदेच्या समितीतही कॅमेरा नसतो आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा हुकूम, चालत नाही. समिती खात्याच्या सचिवांना बोलावते आणि कागद मागते. अर्थसंकल्पातल्या खात्याखात्याच्या मागण्याही तिथं पाहिल्या जातात. सभागृहात वेळ संपला की कितीतरी मागण्या चर्चेशिवाय एकदम मंजूर होतात, त्यांची खरी छाननी झाली तर इथंच होते.

समितीचं म्हणणं सरकारवर बंधनकारक नसतं, हेही लपवत नाही. २०१२ च्या अहवालानंतर आपल्या वावरात लगेच काही बदललं नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपली अर्धी बोंडं पोखरली, तेव्हा तुझी आई धुऱ्यावर बसून राहिली होती, ते तू पाहिलंस. पण पाच वर्षं आधी कोणीतरी आपलं म्हणणं देशाच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. उद्या कोणी म्हणालं की कोरडवाहूवाल्यानं तक्रारच केली नव्हती, तर तो कागद पुढं करता येतो.

मला घोर लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पंधराव्या लोकसभेत (२००९ ते २०१४) १०० पैकी सुमारे ७१ विधेयकं समित्यांकडं गेली होती. सतराव्या लोकसभेत (२०१९ ते २०२४) हा आकडा सुमारे १६ वर आला. २०२० चे तीन शेती कायदे समितीकडं गेलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये मंजूर झाले, राज्यसभेत तर आवाजी मतदानानं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मागं घेतले. आपल्या गावात ते काहींना पटले होते, काहींना नाही. पण दोन्हीकडच्या माणसांना कोणी विचारायला आलं नाही. भांबराजाला जशी माणसं आली, तशी तेव्हा पंजाबातही गेली असती आणि इथंही आली असती, तर वर्षभर लोक दिल्लीच्या वेशीवर बसले नसते असं मला मनापासून वाटतं.

पोरी, मी १९८९ ला पहिलं मत दिलं. त्याच वर्षी वय २१ वरून १८ झालं होतं, नाहीतर मला थांबावं लागलं असतं. आबा मला सायकलवर डबलसीट बसवून केंद्रावर घेऊन गेले होते. तेव्हा मी फक्त चिन्ह पाहिलं. निवडून गेल्यावर तो माणूस कुठं बसेल, काय वाचेल, हे विचारायचं कोणी शिकवलं नाही.

एक काम कर. विदर्भातून लोकसभेत १० खासदार जातात. त्यातला कोण कोणत्या समितीत आहे ते शोध. समित्यांच्या अहवालांना बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात हजर असलेल्यांची नावं असतात. आपले किती वेळा हजर होते तेवढं मोजून मोठ्या अक्षरात लिहून पाठव. मला संध्याकाळी पारावर वाचून दाखवायचं आहे.

तुझ्या आईनं नवीन तुरीची डाळ भरडली आहे, मामासोबत पाठवतो.

तुझा,
बाबा