ओवीला फॉर्म्युला फोर हवीय

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंगे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला पुरं सांगायचंय. इकडे सगळं ठीक. आईची साखर ताब्यात आहे, माझी पाठ होती तशीच. लिहायचंय ते ओवीबद्दल.

तिला पंधरा पूर्ण झाली. काल जेवताना तिनं दादाला सरळच विचारलं, आता कार्ट सोडून फॉर्म्युला फोरच्या मोठ्या गाडीचं काय ते सांगा. दादा भाकरी मोडता मोडता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या जमिनीतला माझा वाटा काढायचं मी त्याच्याशी बोलले होते, ते पोरीच्या कानावर गेलंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, तेवढ्या पैशांत लग्न होईल तिचं. म्हणून तुला लिहितेय.

तिच्या वेगाची मला शंका नाही. परवा मोहितेंच्या ट्रॅकवर उभी राहून बघितलं. बाकीची पोरं जिथं ब्रेक दाबतात त्याच्याही पुढं ही जाते, मग वळताना कार्टचं आतलं मागचं चाक उचललं जातं आणि ती तशीच निघून जाते. उतरली तेव्हा तळहातांना फोड आलेले, बरगड्यांवरचं संरक्षक जाकीट सोडताना ओठ घट्ट मिटलेले. पहिला प्रश्न, लॅप टाइम किती आला?

झोप उडालीय ती त्या इंग्लंडच्या रेसर जेमी चॅडविकमुळं. २०१८ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्री बघायला लागलो ते कृष्णराज महाडिकसाठी, आपल्या गावचा पोरगा म्हणून. आणि ऑगस्टमध्ये ब्रँड्स हॅचला जिंकली जेमी. त्या स्पर्धेत शर्यत जिंकणारी पहिली बाई! तू फोनवर इतकी ओरडलीस की आई घाबरून बाहेर आली. पुढच्या फेब्रुवारीत चेन्नईला एमआरएफ चॅलेंज या शर्यतमालिकेचं विजेतेपदही तिनंच नेलं. मी धरूनच चालले, आता दोन वर्षांत फॉर्म्युला टू, म्हणजे एफ वनच्या अलीकडची पायरी.

कुठलं काय. फक्त बायकांची डब्ल्यू सिरीज तिनं तीनदा जिंकली, २०१९, २०२१ आणि २०२२. पहिल्याच वर्षी पाच लाख डॉलरचं बक्षीस. आणि ब्रिटिशच्या वरच्या, आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्रीचा एक मोसम दहा लाख युरोच्या घरात! तिथली गाडी तिनं चाचणीत चालवलीसुद्धा, शर्यत एकही मिळाली नाही. २०२२ ला तर त्या सिरीजचेच पैसे संपले, शेवटच्या शर्यती रद्द झाल्या.

तू तेव्हा म्हणाली होतीस, हा लेडीज डबा आहे, पोरींनी पोरांशीच लढावं. त्यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं, आठवतंय ना? माझं म्हणणं आजही तेच आहे. डबा नसता तर कित्येकींना गाडीत चढताच आलं नसतं. इंग्लंडचीच दुसरी पोरगी अ‍ॅबी पुलिंग बघ. २०२१ ला पैशांपायी ब्रिटिश फॉर्म्युला फोर अर्ध्यात सोडायची पाळी आली, तेव्हा तिला डब्ल्यू सिरीजनंच घेतलं. २०२४ ला तीच पोरगी ब्रिटिश फॉर्म्युला फोरमध्ये पोरांना मागं टाकून शर्यत जिंकली, फक्त पोरींच्या एफ वन अकॅडमीचीही विजेती झाली. बक्षीस काय, तर वरच्या पायरीच्या जीबी थ्रीचा एक मोसम फुकट. एकच. म्हणजे डबा चांगला आहे गं, पण गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जातच नाही. तिथून पुढं ज्याची त्यानं सोय बघायची.

आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते अमेरिकेचं. २०२३ ला जेमी तिथल्या इंडीकारच्या खालच्या पायरीवर, इंडी नेक्स्टमध्ये गेली. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, दंड-खांदे नव्यानं कमवावे लागले. पहिल्या वर्षी बारावी आली. दुसऱ्या वर्षी रोड अमेरिका ट्रॅकवर पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटून जिंकली, मोसमात सातवी. त्याच गाडीत दुसरं वर्ष मिळालं आणि जमलं, मंगे! पण तोवर ती २६ वर्षांची झाली होती. त्या वयात पोरांचे एफ वनमध्ये चार-चार मोसम झालेले असतात. आता ती ल माँच्या धाटणीच्या लांब पल्ल्याच्या शर्यती मारतेय, जिंकतेयही. मला आनंद आहे. तरी ती पाच-सहा वर्षं आठवली की जीव चरफडतो.

तर आता जमीन. माझ्या वाट्यात ओवीचा एक मोसम निघेल, दुसरा नाही. मला वाटतं शर्यतींचं नाव काढू नये, सगळे पैसे सरावाच्या दिवसांवर घालावेत, चेन्नईला, कोइमतूरला, हात तयार होईपर्यंत. दादा म्हणतो, शर्यतीत दिसल्याशिवाय प्रायोजक कोण देणार? त्याचंही खोटं नाही. म्हणून तर भांडताही येत नाही त्याच्याशी.

ओवीच्या कार्टचा डेटा वेगळा पाठवलाय. तू दिवसभर हेच बघतेस. स्टिअरिंगच्या रेघा नीट बघ, शेवटच्या लॅप्समध्ये तिचा हात कुठं ढिला पडतो ते सांग. फॉर्म्युला फोरलाही पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून विचारतेय. आणि दादाशी तूच बोल. माझं तो बहीण म्हणून नुसतं ऐकून घेतो. तुझं मानतो, कारण रंकाळ्याला लूनावरून तू त्याला हरवलं होतंस आणि ते तो अजून विसरलेला नाही.

घराचे फोटो बघितले, स्वयंपाकघर फार छान झालंय. बढतीचं आईनं गल्लीभर सांगून टाकलंय. सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? पार्सलमध्ये कांदा-लसूण चटणी टाकते.

दादाचं दुकान मंगळवारी बंद असतं, तेव्हाच त्याला फोन कर. जमिनीचं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंतच थांबणार आहे.

तुझी,
शमा