रात्र फक्त पार्टीवाल्यांची नसते

मा. संपादक,
स.न.

कालचा रात्रीच्या शहरावरचा अग्रलेख वाचला. रात्रीच्या कारभाराला वेगळा माणूस हवा, अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'रात्रीचा महापौर' आहे, लंडनने २०१६ मध्ये तसं पद निर्माण केलं, न्यूयॉर्कमध्ये तर त्यासाठी ऑफिसच आहे, सगळं मान्य. पण अख्ख्या लेखात रात्र म्हणजे क्लब, संगीत, हॉटेलं आणि त्यातून फिरणारा पैसा. साहेब, तो अग्रलेख छापला कोणी आणि कधी, दुपारी जेवण झाल्यावर का?

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते आणि शेवटची बस सव्वाअकराला जाते, हे टाइमटेबल बनवणाऱ्याला अनेकदा लेखी कळवून झालं. माझ्याकडे स्कूटर आहे म्हणून भागतं. वॉर्डातल्या मावशी मात्र पहिली बस येईपर्यंत कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसून काढतात, पर्स पोटाशी धरून, आणि जरा डोळा लागला की गार्ड काठी आपटून सांगतो, इथे झोपायचं नाही. त्यांच्या आठ तासांच्या ड्युटीचे असे चौदा तास होतात, पण हे कुठल्या नाइट इकॉनॉमीत धरत नाहीत.

लंडनच्या नाइट ट्यूबचं, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या भुयारी रेल्वेचं, एवढं कौतुक केलंत, ती फक्त शुक्रवारी-शनिवारी रात्री चालते आणि तीही मोजक्या लाइनींवर, हे लिहायचं राहिलं वाटतं. मंगळवारी पेशंट आजारी पडत नाहीत बहुतेक. कौतुक करायचंच होतं तर तिथल्या रात्रीच्या बसचं करायचं, त्या आठवडाभर धावतात, पण बसमध्ये ग्लॅमर नाही ना!

रात्रपाळीमुळे कॅन्सरचा धोका वाढण्याची शक्यता आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्येच सांगितलंय. निदान घरी गेल्यावर तरी झोप मिळावी की नाही? तर आता आमच्या खिडकीसमोर नवीन पांढराफेक एलईडी लावलाय, पडद्यातून थेट तोंडावर येतो, आणि बसस्टॉपवर मात्र मिट्ट काळोख. तक्रारीसाठी रात्री फोन लावला तर रेकॉर्डिंग म्हणतं कार्यालयीन वेळेत संपर्क साधा. कार्यालयीन वेळेत दिवा बंद असतो हो, दाखवू काय?

तुमच्या वार्ताहराला एकदा साडेअकराला आमच्या गेटवर पाठवा. येताना स्वतःची गाडी आणू नका म्हणावं.

– एक वाचक, लॅब टेक्निशियन