स्टॅन्टनच्या बँडविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या बँडमध्ये तू क्लॅरिनेट आणि मी कॉर्नेट वाजवत असू, त्या दिवसांची गेल्या सोमवारी फार आठवण झाली. व्हर्जिनियातील स्टॅन्टन गावी, जिप्सी हिल पार्कमध्ये, स्टोनवॉल ब्रिगेड बँड ऐकला. बिनपगारी हौशी वादकांचा हा बँड अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या नागरी बँडपैकी एक असून उन्हाळ्यात दर सोमवारी संध्याकाळी विनामूल्य वाजवतो.

१८५५ साली त्याची सुरुवात ‘माउंटन सॅक्सहॉर्न बँड’ या नावाने झाली. अडॉल्फ सॅक्सची ही सॅक्सहॉर्न नावाची पितळी फुंकवाद्ये तेव्हा नवीनच होती. लष्करी बँडसाठी त्यांचा एक प्रकार असा केलेला असे, की कर्णा वादकाच्या खांद्यावरून मागे वळलेला असायचा, कारण सूर मागून चालत येणाऱ्या पलटणीला ऐकू जायला हवेत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि गावचा हा बँड दक्षिणेच्या फौजेतील पाचव्या व्हर्जिनिया पलटणीबरोबर गेला. स्टोनवॉल जॅक्सनच्या ब्रिगेडमधील ही पलटण गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूने लढली, हे सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे मला योग्य वाटत नाही. लढाई सुरू झाली, की वादक वाद्ये बाजूला ठेवून जखमींना उचलून आणीत.

मला सर्वांत भिडली ती त्यानंतरची हकिगत. एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या फौजेची शरणागती झाली, तेव्हा उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांनी या वादकांना आपापली वाद्ये घरी नेऊ दिली. ती जप्त झाली असती, तर हरलेल्या, लुटल्या गेलेल्या त्या मुलखात नवी वाद्ये घ्यायला पैसा कुठून आला असता? बँडने हे उपकार विसरले नाहीत. १८८५ मध्ये न्यूयॉर्कला ग्रँट यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा एके काळी शत्रुपक्षात असलेला हा बँड तिथे वाजवायला गेला; पुढे १८९७ मध्ये त्यांच्या समाधीच्या लोकार्पणालाही हजर राहिला.

परवा पहिल्या रांगेत एक वयस्क गृहस्थ कॉर्नेट वाजवत होते. दोन चालींच्या मध्ये कळ दाबून आत साठलेले पाणी त्यांनी गवतावर झटकले आणि रुमालाने मुखनळी पुसून ते पुन्हा सज्ज झाले, अगदी आपल्या बँडमास्तरांनी शिकवले होते तसे.

पुढच्या उन्हाळ्यात येशील तेव्हा सोमवार मोकळा ठेव. क्लॅरिनेटही आण, आणि रीड मात्र नवीन घेऊन ये.

तुझा,
कॉर्नेटवाला मित्र